पुस्तकात नसलेला शेवट

अक्का गेल्या त्याच्या आदल्या दुपारी त्यांनी मला खोलीचं दार लोटून घ्यायला सांगितलं. पाऊस नव्हता, पण आभाळ इतकं खाली आलं होतं की दुपारीच दिवा लावावा असं वाटत होतं. मी दार लोटलं आणि त्यांच्या पायथ्याशी बसले. त्यांना श्वास पुरत नव्हता, तरी बोलायचं होतं. "निमा, वंदीला सांगून टाक," त्या म्हणाल्या. मला कळलं होतं, तरी मी "काय सांगू?" असं विचारलं. त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "मी असेपर्यंत नको. मी गेले की सांग. मला ऐकायला लावू नकोस..." दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून होत्या. तो चहा मला तसाच परत आणावा लागला.

त्याला आता पाच आठवडे झाले. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्या बोळात मॅट्रिक झालेल्या त्या एकट्याच, त्यामुळे कोणाचं पत्र आलं, कोणाला रेशनचा हिंदी फॉर्म भरायचा झाला की माणसं आमच्याच ओट्यावर यायची. मी चौथी शिकलेली. खकनारजवळच्या आमच्या गावात शाळाच तेवढी होती. शिकण्याचं जाऊ द्या, मला चारचौघांत बोलताच येत नाही. लग्न होऊन बऱ्हाणपूरला आले तेव्हा कोणी नाव विचारलं तरी माझ्या वतीनं अक्काच सांगायच्या. बांगड्या भरायला गेलो की कासाराला म्हणायच्या, "हिला हिरव्या नको भाऊ, हिला निळ्या दाखव." मी तोंडही उघडलेलं नसायचं आणि मला निळ्याच हव्या असायच्या. अशा बाईच्या मागे उभं राहण्याची मला सवय लागली. ती सवय मी कधी मोडली नाही, आणि त्याचं मोल दुसऱ्याच कोणी दिलं. तेच आज मुलाच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहायला बसले आहे.

मोठे भाऊजी सुताच्या दुकानात होते. आमच्या बोळातला पहिला टीव्ही त्यांनी आणला. तेव्हा शाळेच्या भिंतीवर 'हम सब एक हैं' असं मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं आणि टीव्हीवरही तेच वारे होते. रविवारी सकाळी मुलांचा एक कार्यक्रम लागायचा. पांढऱ्या दाढीचे एक आजोबा लाकडी पेटीतून जुनं पुस्तक काढायचे. एका रविवारी दक्षिणेकडचं, दुसऱ्या रविवारी बंगालातलं, कधी काश्मीरचं. ते हिंदीत गोष्ट सांगायचे, मधूनमधून माणसं येऊन ती करून दाखवायची. आमची पोरं त्यांना पेटीवाले बाबा म्हणत. पण बाबांची एक खोड होती. गोष्ट अगदी रंगात आली, आता काय होणार म्हणून पोरांनी श्वास रोखले, की ते पुस्तक मिटायचे. "आगे क्या हुआ? किताब में पढ़ना, बच्चो. किताब तुम्हारी राह देख रही है." आणि हसून पेटीचं झाकण लावायचे.

आमच्याकडे कुठली किताब? वीस-बावीस पोरं ओट्यापासून आतल्या खोलीपर्यंत दाटीवाटीनं बसलेली असायची, ती सगळी अक्कांकडे वळली. "मोठ्या काकू, पुढे काय झालं? राजा मेला का?" अक्का म्हणाल्या, "वाचलंय मी ते. आधी हातपाय धुवून या भुतांनो, मग सांगते." पोरं पळाली, आणि अक्का स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "निमा, अडकले गं मी. काय झालं असेल पुढं?" मी भाकऱ्या थापत होते. दाराच्या फटीतून गोष्ट मी ऐकली होती. थापता थापताच मी सांगितलं काहीतरी. त्या बघतच राहिल्या. मग बाहेर गेल्या आणि त्यांनी तेच असं सांगितलं की माझं मलाच ओळखू आलं नाही. राजाचा आवाज वेगळा, चेटकिणीचा वेगळा. मी चुलीपाशी बसून पोरांचं हसणं ऐकत होते. मला तेव्हा जे वाटलं ते लाज वाटण्यासारखं नव्हतं. सुख वाटलं.

मग दर रविवारी तसंच व्हायला लागलं. पुस्तक मिटलं की अक्का आत, आणि तवा उतरायच्या आत शेवट तयार. आम्ही दोघींशिवाय हे कोणालाच ठाऊक नव्हतं, घरातल्या पुरुषांनाही नाही. पण एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली नाही. मला गोष्टी म्हणून ज्या ठाऊक होत्या, त्या माझ्या आईनं व्रतांच्या वेळी सांगितलेल्या कहाण्या. त्या कहाण्यांत संकट आलं की कोणीतरी वसा सांगतं. इतके दिवस कर, एकही दिवस चुकवू नको, कोणाला सांगू नको, म्हणजे फळ मिळेल. माझे सगळे शेवट आपोआप त्याच वळणावर जायचे. कधी सात शनिवार, कधी पाच पौर्णिमा. ऐकणाऱ्या पोरांच्या घरीही त्याच कहाण्या होत्या, आणि त्या घरांत कहाणी नुसती ऐकायची नसते, ऐकून करायची असते.

पोरांत एक वंदना होती, सगळ्यांची वंदी, समोरच्या लीलाबाईंची. अकरा वर्षांची, दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. तिचे वडील केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे आणि त्याच्याही पुढे जायचे. आषाढात गेले ते आले नाहीत. तिकडे तेव्हा गडबड चालू होती, रेडिओवर रोज काहीबाही ऐकू यायचं. कोणी म्हणालं, ट्रक एका ढाब्यापाशी रिकामा उभा दिसला. कोणी म्हणालं, तो दुसराच ट्रक. लीलाबाई दोनदा मालकाकडे जाऊन आल्या. मालकालाही काही मालूम नव्हतं.

श्रावणातल्या एका रविवारी बाबांनी पेटीतून समुद्राकाठच्या कुठल्याशा मुलखातलं फार जुनं काव्य काढलं. एका मिठाच्या व्यापाऱ्याची मुलगी. बाप गलबत घेऊन गेलेला, परत न आलेला. गावातले लोक म्हणतात, बुडाला. काका म्हणतो, आता त्याचे दिवस करून टाकू. मुलगी एकटी संध्याकाळी किनाऱ्यावर येते, पाणी काळं झालेलं... आणि बाबांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी ओट्यावर नेहमीचा गलका झाला नाही. पोरं हळूहळू वळून वंदीकडे बघायला लागली. मी फटीतून तिचा चेहरा पाहिला. ती टीव्हीच्या रिकाम्या काचेकडेच बघत होती.

अक्का आत आल्या तेव्हा म्हणाल्या, "काहीही कर, पण बापाला परत आण गं." मला तरी दुसरं काय करायचं होतं? मी त्या पोरीसाठीच शेवट केला. अक्कांनी बाहेर जाऊन सांगितलं, की त्या मुलीनं अकरा संध्याकाळी पानाच्या द्रोणात दिवा लावून पाण्यात सोडला. एकही संध्याकाळ चुकवली नाही, मागे वळून पाहिलं नाही, कोणाला सांगितलं नाही. आणि अकराव्या संध्याकाळी समोरून गलबताचं शीड दिसलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वंदीनं वाजवल्या नाहीत. ती उठून चपला न घालताच घरी गेली.

सातव्या दिवशी, शनिवारी, ती वाटी घेऊन माझ्याकडे आली. "काकू, पळीभर तेल द्या ना. आईनं मागितलंय." लीलाबाई मीठसुद्धा कधी मागायच्या नाहीत. वंदीची दुसरी मूठ मिटलेली होती आणि बोटांच्या मधून कापसाच्या वातीचं टोक दिसत होतं. मला कळलं. राजघाट आमच्या बोळापासून लांब नाही, पण श्रावणातली तापी... वर मुलताईकडे पाऊस झाला की इथं कडक ऊन असलं तरी पाणी चढतं, आणि बघता बघता चढतं. तिला धरून विचारायला हवं होतं. मी तेल ओतलं. विचारलं तर वसा मोडेल, असं मला वाटलं. गोष्ट माझी, मी चुलीपाशी बसून केलेली, तिच्यात काही नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी मी त्या गोष्टीला घाबरले. मनात आलं, सहा झालेच आहेत, आज सातवा, आणि कोण जाणे... आला बाप तर?

दुसऱ्या दिवशीचा रविवार मला आठवतो. बाबांनी पुस्तक मिटलं, अक्का आत आल्या आणि मला काही सुचेना. "काय गं, आज तवा तापला नाही का?" त्यांनी चेष्टा केली. मला त्या दिवशी असा शेवट हवा होता, की तो ऐकून वंदी घरात बसेल. तो काही जमला नाही. शेवटी अक्कांनीच काहीतरी जुळवून सांगितलं, आणि वंदी ऐकायला आलीच नव्हती.

सोमवारी लख्ख ऊन होतं. चार वाजता परटीण कपडे द्यायला आली ती म्हणाली, "घाटाच्या खालच्या पायऱ्या गेल्या बाई पाण्यात. वरून लाकडं येऊन राहिली." मी दारात जाऊन उभी राहिले. सूर्य खाली गेला, लीलाबाईंचं दार उघडंच होतं, आत वंदी नव्हती. मी एकेक घर बघत होते आणि मनात मोजत होते, आत्ता निघाली असेल, आत्ता परत वळली असेल. बोळातली सगळी पोरं घरी आली. मग मी अक्कांकडे गेले आणि म्हटलं, "अक्का, वंदी घाटावर आहे." माझा आवाज इतका मोठा निघाला की भाऊजी बाहेर आले. अक्कांनी तुला कसं ठाऊक असं विचारलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि अनवाणी धावत सुटल्या. मी गेले नाही. मी चुलीपाशी येऊन बसले.

एका नावाड्यानं तिला खांद्यावर आणलं. घाटावरची लोखंडी कडी धरून ती छातीभर पाण्यात लटकलेली सापडली होती. ती घाबरून रडत नव्हती. त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत ओरडत होती, "दोनच राहिले होते! सोडा मला, दोनच राहिले होते!"

सकाळी लीलाबाई आमच्या ओट्यावर आल्या. बोळ गोळा झाला. "माझ्या पोरीले हे कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. अक्का पुढे झाल्या. "मी सांगितलं. पुस्तकात होतं." लीलाबाई म्हणाल्या, "दाखवा मग पुस्तक." त्यांनी हात पुढे केला. "माझा माणूस गेला, पोरगीबी धाडायची होती का तुमच्या टीव्हीपायी? मोठ्या शिकल्यासवरल्या तुम्ही!" अक्का खाली मान घालून उभ्या राहिल्या. मी त्यांना तसं उभं राहिलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी दाराच्या आत होते, हाताला पीठ होतं. एक पाऊल टाकायचं होतं. टाकलं नाही.

वंदीची शाळा सुटली. तिला चांदनीला मामाकडे पाठवलं, आणि सोळाव्या वर्षी तिकडेच जवळच्या गावात लग्नही लावून दिलं. वडील आले नाहीत, ट्रक आला नाही, कसलाच पता लागला नाही. लीलाबाईंनी टिकली काढली नाही, पण ती दरवर्षी लहान होत गेली. आणि वंदी मामाच्या घरी काय बोलते ते इथपर्यंत यायचं... मी नवव्या संध्याकाळीच मोडलं म्हणून माझे बाबा आले नाहीत.

आमच्याकडे पोरं यायची बंद झाली. पुढे काही रविवार आम्ही दोघीच तो कार्यक्रम बघायचो. बाबा पुस्तक मिटायला लागले की अक्का उठून टीव्ही बंद करायच्या. त्या पुन्हा कधी विचारायला आत आल्या नाहीत. ते काव्य मिळावं म्हणून त्यांनी वाचनालयात विचारलं, खंडव्याला जाणाऱ्या मास्तरांनाही चिठ्ठी दिली, ते कुठंच मिळालं नाही. एकदा धीर करून मी म्हटलं, "अक्का, मी सांगू का लीलाबाईंना, की शेवट माझा होता?" त्या हसल्या. "आणि मग मी कोण गं? पोरं काय म्हणतील, मोठ्या काकूला काही येतच नव्हतं?" मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुला नाही झेपणार ते. मला सवय आहे लोकांची." दोन्ही खरं होतं. त्यांनी मला वाचवलं, आणि स्वतःचं नावही सोडलं नाही. माझं म्हणाल तर मला हायसं वाटलं होतं. सात वर्षं वाटत राहिलं.

परवा वंदी आली. अक्कांसाठी भेटायला बायका अजून येतात, त्या दुपारी पाच-सहा जणी होत्या, लीलाबाईही होत्या. वंदी कडेवर चार महिन्यांचं बाळ घेऊन दारात उभी राहिली. दात तसाच अर्धा. लीलाबाई कोणाला तरी सांगत होत्या, "गेलेल्याबद्दल वाईट बोलू नाही, पण माझ्या पोरीचं..." मी म्हटलं, "ती गोष्ट अक्कांची नव्हती. शेवट मी केला होता. सगळे शेवट मीच करायचे." शेजारच्या चंपाबाई हळूच हसल्या. "निमाबाई, तुम्ही तर दूधवाल्याले आज दूध नको म्हणत नाही, दोन वर्षांपासून जास्तीचं घेऊन राहिल्या. तुम्ही कुठून गोष्टी सांगणार?" दुसरी म्हणाली, "जावेवर जीव होता बिचारीचा." लीलाबाई उठल्या. "जावेचं नाव राखता, राखा. पण माझ्या पोरीपुढे नको." आणि बाकीच्या बायकांबरोबर त्या निघून गेल्या.

वंदी गेली नाही. ती अक्कांच्या खोलीत जाऊन बसली, भिंतीला टेकून, जिथं अक्का डोकं टेकायच्या आणि तेलाचा गोल डाग पडला आहे, त्याच्याच खाली. बाळ मांडीवर घेतलं आणि विचारलं, "अकराच का, काकू?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. "त्या दिवशी भाकऱ्या अकरा करायच्या होत्या," मी म्हटलं. "मी मोजत होते. अक्का घाई करत होत्या. तोच आकडा तोंडात आला."

"रोज अकरा करत होत्या?"

"नाही. रोज आठ. त्या रविवारी पाहुणे होते."

"आठ संध्याकाळी मी केल्या होत्या, काकू," ती म्हणाली. "आठव्या दिवशी पाणी गुडघ्याएवढंपण नव्हतं."

मला तिच्याकडे बघवेना. मग ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता. सासरी नदी नाही, ओढा आहे. दर श्रावणात ती तो वसा पुन्हा पहिल्यापासून धरते. दरवर्षी काहीतरी आडवं येतं... एकदा ताप, एकदा सासू, मागच्या वर्षी दिवस गेले होते म्हणून कोरड्या उलट्या. यंदा पाच झाले. आज सहावा. इथल्या घाटावर आई जाऊ देत नाही, म्हणून पाचची गाडी पकडायची आहे. ओढ्यालाही आता पाणी आहे, बाळाला बांधावर ठेवते.

"नको जाऊस," मी म्हटलं.

"मोडलं तर?"

"मोडायला त्यात काही नाहीच आहे, वंदी. तव्यावरच्या भाकऱ्या होत्या."

ती हसली नाही. बाळ चुळबुळायला लागलं तसं तिनं त्याला पाजायला घेतलं. मी तिच्यासमोर बसले. पाच वाजले असतील, तिनं एकदा दाराकडे पाहिलं आणि पदर नीट केला. उठली नाही. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत सरकत गेली, खोली अंधारली, मी दिवा लावला. मी तिला इतकं ठासून सांगितलं होतं आणि माझेच कान बाहेर कोणाच्या पावलांकडे लागले होते.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. आम्ही दोघी एकदम उठलो. बाळ दचकून रडायला लागलं. वंदीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं, आणि मीही तिचं. दोघींपैकी कोणी पुढे होईना... मग मीच जाऊन दार उघडलं.

लीलाबाई होत्या. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाल्या, "गाडी चुकवली का गं?"

"हो," वंदी आतून म्हणाली. "चुकवली."